नाटकातली तलवार मुठीपाशीच का मोडते?

प्रश्न: शिवजयंतीच्या नाटकासाठी 12 मिमी प्लायवूडमधून तलवारी कापल्या. तालमीतच दोन मोडल्या, दोन्ही मुठीपाशी. प्लाय हलका निघाला का?

प्लाय उत्तम असता तरी मोडला असता. त्यात एकाआड एक थराचे तंतू आडवे असतात. दीड इंच रुंदीच्या लांब पट्टीत ते थर वाकण्याला फारसा विरोध करत नाहीत, म्हणजे जवळजवळ निम्मे लाकूड फुकट. बीच किंवा सागवानाची बिनगाठीची पट्टी घ्या. विकत घेताना कडेने न्याहाळा. तंतू सरळ टोकापर्यंत न जाता मध्येच तिरपे कडेबाहेर पडत असतील तर ती पट्टी दुकानातच राहू द्या.

खरा घोटाळा मात्र कापण्यात होतो. पाते अरुंद होऊन मुठीत शिरते तिथे करवतीने काटकोन पाडला की सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि चीर तिथूनच धावते. आधी कोपऱ्यात 10 मिमीचे भोक पाडा आणि करवत भोकापर्यंतच न्या. कोपरा आपोआप गोल राहतो. मुठीत जाणारा भाग किमान 20 मिमी रुंद हवा आणि मुठीच्या शेवटापर्यंत पोहोचायला हवा. पात्याची जाडी मुठीकडे 12 मिमी ठेवून रंध्याने टोकाकडे 6 मिमीपर्यंत उतरवा. सगळीकडे सारखी जाडी ठेवलेली तलवार प्रेक्षकांतून थेट फळकुटासारखी दिसते.

प्रश्न: मूठ फोटोतल्यासारखी हुबेहूब केली, पण हात मावत नाही.

मग ती बरोबर झाली आहे! चकतीच्या मुठीच्या जुन्या तलवारींत पकडीची जागा बऱ्याचदा जेमतेम तीन इंच असते. मूठ घट्ट बसावी हाच हेतू. भिंतीवर लावायची असेल तर तशीच ठेवा. नटाच्या हातात द्यायची असेल तर पकड अर्धा-पाऊण इंचाने वाढवा आणि चकतीचा व्यास थोडा कमी करा, नाहीतर मनगट वळवताना ती टोचते.

प्रश्न: मूठ एम-सीलने बसवली, आठवड्यात खुळखुळायला लागली.

जुने कारागीर मुठीच्या पोकळीत वितळलेली लाख भरून पाते बसवत. तिथे पोकळी पूर्ण भरली जाई. एम-सीलचे गोळे कोंबले की मध्ये हवा राहते, आणि रंगवलेल्या किंवा तेलकट पृष्ठभागावर ते धरतही नाही. मुठीत जाणाऱ्या भागाचा रंग खरवडा, 80 नंबरच्या कागदाने खरखरीत करा. दोन भागांचा पातळ इपॉक्सी आणि लाकडाचा बारीक भुसा यांची दाट पेस्ट करून मूठ उलटी धरून भरा. वर 5 मिमीच्या दोन लाकडी खुंट्या आरपार ठोका. चोवीस तास हात लावू नका.

प्रश्न: फोमच्या तलवारीवर चंदेरी रंग राखाडी दिसतो आणि वाकवली की तडकतो.

तलवार ईव्हीए फोमची (चटया-चपलांत असतो तो लवचिक फोम) आहे असे धरतो. चंदेरी रंगातली चमक ॲल्युमिनियमच्या बारीक कणांची असते. ते कण सपाट बसले तरच प्रकाश परततो, आणि फोमच्या छिद्रांत ते वाटेल तसे पडतात. हीट गन हलवत ठेवून फोम तापवा. पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रे मिटली. मग पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी घालून तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. तडकतो तो याच टप्प्यावरच्या घाईमुळे: एक जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो. त्यावर चकचकीत काळा आणि शेवटी हलका चंदेरी स्प्रे. स्प्रेऐवजी वाळलेल्या काळ्यावर ग्रॅफाइटची पूड कापडाने घासली तर पोलाद जास्त खरे वाटते, असे आमचे मत. क्रोम स्प्रेवर वार्निश मारू नका, चमक मरते.

जोडकामाला मात्र फेव्हिकॉल नको, रबरी चिकटा हवा. दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा झाला की दाबा. 10 मिमीच्या दोन थरांमध्ये 8 मिमीची फायबर काठी घातली नाही तर तलवार लोंबते.

प्रश्न: वर्कशॉपमधून एमएस पट्टीचे पाते करून घेऊ का?

शोभेला चालेल, फिरवायला नाही. एमएस म्हणजे माइल्ड स्टील. त्याला पाणी चढत नाही, म्हणजे तापवून एकदम थंड केले तरी ते कडक होत नाही. वाकले की वाकलेलेच राहते. 304 स्टेनलेसचीही तीच गत. त्यात मुठीत जाण्यासाठी पात्याच्या मागे बारीक सळई वेल्ड केलेली असेल तर जोर पडताच सांधा सुटतो आणि पाते समोरच्याकडे जाते. कडा 2 मिमी जाड, टोक गोल, आणि तरीही लाकडी तलवारीशी सामना नको.

प्रश्न: बोथट असेल तर मिरवणुकीत नेता येईल ना?

असे गृहीत धरू नका. 2016 च्या शस्त्र नियमांत तलवारीचा उल्लेख आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश लागू असेल तर तलवारीच काय, लाठ्या-काठ्या बाळगण्यावरही बंदी येते. सण-निवडणुकांच्या दिवसांत हे आदेश नेहमीचेच. लाकडी किंवा फोमच्या तलवारींची संख्या आणि मिरवणुकीचा मार्ग लिहून आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलादी पाते घडवण्याआधी तिथेच परवान्याची चौकशी करा.