‘टोपीकर’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा : आज्ञापत्रात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथात, ‘टोपीकर’ आणि ‘फिरंगी’ हे दोन्ही शब्द येतात, ते एकाच लोकांसाठी का? आणि हे ‘डिंगमार’ कोण?

एकच नव्हेत. जुन्या मराठी कागदांत फिरंगी म्हणजे बहुतेक वेळा पोर्तुगीज. वसईकडचा त्यांचा मुलूख म्हणूनच ‘फिरंगाण’. वलंदेज म्हणजे डच, ज्यांची वेंगुर्ल्याला वखार होती. फरासीस हे फ्रेंच. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. पोर्तुगीज ‘दिनामार्का’ आपल्या तोंडात बसता बसता असा झाला असावा. (ऐकायला शिवीच वाटते, पण नाही.) टोपीकर या नावात इंग्रजांसकट हे सगळेच आले. पगडी-पागोट्यांच्या मुलखात टोपी घालून आलेले, ते टोपीकर.

पण खरी मेख पुढे आहे. १७१५च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी यांना घातले आहे सावकारांच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या प्रकरणात, आणि लगेच बजावले आहे की हे ‘वरकड’ सावकारांसारखे नव्हेत. वरकड म्हणजे इतर, बाकीचे. यांच्या मागे राजे आहेत, यांचे बळ आरमार आणि दारूगोळा. म्हणून वखारीला जागा द्यायचीच तर किनाऱ्यापासून आत द्यावी, खाडीच्या तोंडाशी नको. हाती आलेले ठिकाण हे लोक मेले तरी सोडत नाहीत. एकदा ‘व्यापारी, पण तसले नव्हे’ असे ठरले की जागा कुठे द्यायची तेही ठरलेच. हा संशय हवेतला नव्हता. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेले होते. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली.

आता ‘-कर’कडे बघा. एरवी तो गावाला लागतो. यांचे गाव ठाऊक नाही, म्हणून टोपीला लागला. पेशवाईच्या पत्रांत मात्र ‘मुंबईकर इंग्रज’ भेटतात. गाव मिळाले, शेजारी झाले! १७५६मध्ये नानासाहेबांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध याच मुंबईकरांची मदत घेतली. फेब्रुवारीत आंग्र्यांचा विजयदुर्ग इंग्रजांनी जिंकला. तो पेशव्यांच्या ताब्यात यायला ऑक्टोबरचा तह व्हावा लागला, आणि सावित्री नदीच्या तोंडावरचे बाणकोट इंग्रजांकडेच राहिले.