मुखपृष्ठावरचं टिंब गेलं कुठं?

प्रश्न : आमचं भजन मंडळ आर्वी तालुक्यातलं. पोळ्याला 'खंजिरी' नावाचा ३२ पानी संगीत अंक काढतो. यंदा मुखपृष्ठ इंग्रजी संगीत मासिकांच्या धर्तीवर करायचं आहे : वर मोठं नाव, त्यावर आलेलं वादकाचं डोकं, बाजूला मथळे. नमुना पाहून लोक 'खजिरी' वाचतात. शिवाय गेल्या वर्षी फोटो फुटला आणि भगवी टोपी विटकरी छापून आली. काय चुकतंय?
— एक कार्यकर्ता, जि. वर्धा

उत्तर : डोकं नावाच्या पुढे आणायची रीत रोमन अक्षरांवर बेतलेली आहे. 'रोलिंग स्टोन' हे अमेरिकन संगीत मासिक १९६७ पासून निघतं. त्याची दोन अक्षरं झाकली तरी गिऱ्हाईक वळणावरून ओळखतं. आपल्याकडे अनुस्वार आणि वेलांट्या शिरोरेषेच्या वर बसतात, आणि टोपी पोचते तीही तिथंच. टिंब झाकलं की शब्द बदलला.

वादक उजवीकडे सरकवा. 'री'च्या शेवटच्या दांडीचा खालचा भाग टोपीआड गेला तरी वाचणाऱ्याचं अडत नाही; शिरोरेषेला मात्र टोपी लागू देऊ नका. यात आणखी एक काम साधतं. डावा तृतीयांश मथळ्यांना मोकळा मिळतो, आणि बसस्थानकावरच्या स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडले की तेवढीच पट्टी दिसते. नाव वरच्या कडेपासून १५ मिमी खाली ठेवा, म्हणजे दोरीवर लटकवताना वेलांट्या चिमट्यात सापडणार नाहीत. मथळा एकच मोठा, बाकी तीन-चार लहान. देणगीदारांची यादी आत. अध्यक्षांचा गोल फोटो मलपृष्ठावर जायला हवा; ते त्यांना कोणी सांगायचं, ते मंडळानं ठरवावं.

फोटो बहुधा व्हॉट्सअॅपनं फोडला असेल. ए-फोर अंकाला कटाईसाठी चारही बाजूंनी ३ मिमी जादा धरले की २१६ × ३०३ मिमी होतात. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) साधारण २५५० × ३५८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह न्या.

भगवा रंग स्क्रीनवर उजेडाचा असतो, छापखान्यात चार शायांचा : सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा. आपोआप रूपांतर करताना त्यात सायन आणि काळा मिसळला की वीट तयार. मॅजेंटा ५५ टक्के, पिवळा १०० टक्के, बाकी दोन्ही शून्य, इथून सुरुवात करा आणि मुखपृष्ठाच्याच कागदावर नमुना काढून बघा. नावाला लाल रंग नको, टोपीशी भांडतो. गडद निळा चालेल.

फोटो भर दुपारी अंगणात काढू नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ओसरीच्या सावलीत, खंजिरी छातीशी, नजर थेट कॅमेऱ्यात. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवलं तर चकत्या पुसट होत नाहीत. डोक्यावर पानाचा पाव भाग मोकळा सोडा, नाव तिथंच येणार आहे. आणि पीडीएफ देताना फॉन्ट त्यातच बसवा, नाहीतर मथळ्यांतली जोडाक्षरं तुटतात.

प्रश्न : बारकोड छापला तर अंक मोठ्या मासिकासारखा दिसेल का?
— तेच कार्यकर्ते

उत्तर : दिसेल, पण उगाच नको. नियतकालिकाचा बारकोड आयएसएसएनवरून (नियतकालिकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून) तयार होतो आणि ९७७ ने सुरू होतो. तो क्रमांक मिळाल्यावरच छापा. खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या चौकटीत, काळ्या रेघांनी. रंगसंगती जुळवायला लाल रेघा कराल, तर स्कॅनरच्या लाल उजेडाला त्या दिसायच्याच नाहीत.