ज्येष्ठमध रोज घेतल्याने हार्मोन सुधारतात का?

आपण ऐरोलीहून विचारले आहे की, पीसीओडीसाठी (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडासाठी) सासूबाईंच्या सांगण्यावरून चार महिने रोज चमचाभर ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधातून घेत आहात, यंदा बाळाचाही विचार आहे, तर हे पुढे चालू ठेवावे का. मी ठाण्यात नौपाड्यात औषधांचे दुकान चालवते. माझे उत्तर असे आहे की हे रोजचे चूर्ण आजपासून थांबवावे.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. इटलीतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ९ निरोगी तरुणींना दोन पाळीचक्रे रोज ३.५ ग्रॅम ज्येष्ठमध दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पीसीओडीत बहुधा वाढणारे पुरुषी हार्मोन, बऱ्यापैकी उतरले. मात्र त्यांच्यापैकी कोणालाही पीसीओडी नव्हता, आणि ९ जणींच्या रक्ततपासणीवरून पाळी नियमित होईल किंवा गर्भ राहील असा निष्कर्ष काढता येत नाही.

याहून कितीतरी पक्का परिणाम कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनवर होतो आणि त्याची कल्पना मात्र फारच थोड्यांना असते. कॉर्टिसॉल हे अल्डोस्टेरॉनचे, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनचे, काम करू शकते. ते तसे करू नये म्हणून मूत्रपिंडातील एक विकर (एन्झाइम) त्याचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करत असते. ज्येष्ठमधाला गोडवा देणाऱ्या ग्लिसिरायझिनपासून शरीरात जो पदार्थ तयार होतो, तो या विकरालाच अडवतो. परिणामी मीठ आणि पाणी शरीरात साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. खोकल्यासाठी जांभळी नाक्यावरून आणलेल्या काड्या दिवसभर चघळणारे माझे एक ग्राहक आले, तेव्हा त्यांच्या घोट्यावर मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटलेला होता आणि रिपोर्टात पोटॅशियम २.९, म्हणजे बरेच कमी, होते. रक्तदाबासाठी ते लघवीची गोळी घेत होते, तीही पोटॅशियम कमी करणारी. पण काड्यांना औषध मानावे असे त्यांना वाटलेच नाही, म्हणून डॉक्टरांना त्यांनी ते सांगितलेही नव्हते.

युरोपीय तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही कमाल मर्यादा सुचवली. ज्येष्ठमधाच्या मुळीत ग्लिसिरायझिनचे प्रमाण ४ टक्के धरले, तरी ३ ग्रॅमच्या चमच्यातून १२० मिलिग्रॅम पोटात जाते. स्वीडनमधील २०२४ च्या एका अभ्यासात तर १०० मिलिग्रॅमवरही दोन आठवड्यांत रक्तदाब थोडा वाढलेला दिसला.

आपल्या बाबतीत गरोदरपणाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. आईच्या कॉर्टिसॉलपासून गर्भाचे रक्षण करणारे हेच विकर वारेतही (प्लासेंटामध्येही) असते. फिनलंडमध्ये गरोदरपणी भरपूर ज्येष्ठमध खाल्लेल्या मातांची मुले पुढे बौद्धिक चाचण्यांत मागे पडलेली आढळली. यातून कारण सिद्ध होत नाही, परंतु तेथील सरकारी आहारसल्ल्यात गरोदर स्त्रियांना ज्येष्ठमध टाळायला सांगितले आहे, आणि तो सल्ला मला योग्य वाटतो.

घसा बसल्यावर एखाद-दुसऱ्या दिवशी लहानशी काडी चघळण्याला, रक्तदाब व पोटॅशियम ठीक असलेल्या आणि गरोदर नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत, माझा आक्षेप नाही. आपण मात्र या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या, पोटॅशियमची तपासणी करा आणि चार महिने चूर्ण घेतल्याचे स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. स्पायरोनोलॅक्टोन (पीसीओडीत कधी कधी दिली जाणारी, अल्डोस्टेरॉनला रोखणारी गोळी) किंवा कोणतेही स्टेरॉइड चालू असल्यास हे सांगणे अधिकच गरजेचे आहे, कारण पहिल्याच्या कामात ज्येष्ठमध आडवे येते आणि दुसऱ्याचा परिणाम वाढवते. चूर्ण बंद केल्यावरही त्याचा प्रभाव ओसरायला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून तेवढ्या काळानंतर रक्तदाब पुन्हा एकदा मोजावा.