लिस्बनला येतोयस, तर हवामानाबद्दल (लांबलंय जरा)

गोव्यातल्या साखळीहून ऑगस्टच्या शेवटी बायको-मुलाला घेऊन लिस्बनला येतोयस, मुलगा तिसरीत, आणि तू विचारलंयस की हवा कशी असते, कपडे काय आणू, शाळेचं कसं, करमतं का. आणि खाली सहज टाकलंयस, "तुम्ही अजून इथला, गोव्याचा, हवामानाचा अंदाज बघता का?" त्या एका ओळीमुळे लिहायला बसलो. वयाने लहान वाटलास म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

पासपोर्ट सरेंडर, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, ते इथे नाही सांगत. फक्त एक, भावंडांचे कागद काढायचे बाकी असतील तर पावसाच्या आधी काढ. बाबांचा जन्म 1961 च्या आधीचा, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतला, त्यांची नोंद काढायला आम्ही गेलो ते नेमके जुलैत, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला रजिस्टरची पानं दमटपणाने चिकटलीत, ओढली तर फाटतील, दसऱ्यानंतर या. दसऱ्यानंतर पान सुटलं पण त्यावर आडनाव पोर्तुगीज स्पेलिंगचं, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी, म्हणजे कागदोपत्री आमचे बाबा दोन माणसं. ही दोन माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला ॲफिडेव्हिट, मग त्यावर शिक्का, मग शिक्का पुसट आला म्हणून परत. आणि एवढं करून ज्यांच्या नोंदीवर आम्ही सगळे इथे आलो ते स्वतः आलेच नाहीत. वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यात, आमचं घर आहे, तिथेच आहेत, आई गेल्यापासून एकटे.

आता हवा. ऑगस्टमध्ये उतरशील तेव्हा आवडेल, कोरडं ऊन, घाम नाही, रात्री आठपर्यंत उजेड. दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो, त्यासाठी एक जॅकेट पुरे. समुद्रात मात्र कळंगुटला उतरतोस तसा धावत जाऊ नकोस, भर उन्हाळ्यात पाणी 18-20 डिग्री असतं, पाय बधिर होतात. पाऊस साधारण ऑक्टोबर ते मार्च. वर्षभराचा मिळून पणजीत एकट्या जुलैत पडतो त्याहून कमी, तरी डिसेंबर 2022 मध्ये पावसाने शहरात पाणी भरलं होतं आणि आम्ही गोवेकर खिडकीतून बघून हसत होतो. खरा त्रास घरातला. बहुतेक जुन्या घरांत हीटिंग नाही, जानेवारीत बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा, कपडे वाळत नाहीत, कपाटामागे बुरशी. स्वेटरवर खर्च करण्यापेक्षा हवेतला ओलावा ओढणारं मशीन घे आणि दक्षिणेकडे खिडक्या असलेलं घर बघ, भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल. वास्तुवाल्या काकांना सांगू नकोस.

शाळेचं लिहितो पण माझं डोकं अजून फिरतं त्यावरून. मुलगी सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळेतून आलेली, हुशार, इथे भाषा येत नाही म्हणून एक वर्ष मागे बसवली. ठीक, ते समजू शकतो. पुढे पेपरात एक रिकामा तक्ता होता, बारा महिने, कुठल्या महिन्यांत पाऊस पडतो ते रंगवा. हिने जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर गडद निळे केले, जुलै तर इतका दाबून की कागद मागून फुगला होता. शून्य मार्क. वर बाईंचा शेरा, मुलीचं आसपास लक्ष नसतं, पालकांनी निरीक्षणाची सवय लावावी. प्रश्नात लिस्बन असं कुठेच लिहिलेलं नव्हतं! मी भेटायला गेलो, मोडक्या पोर्तुगीजमध्ये मॉन्सून समजावला, बाई गोड हसल्या, मार्क तेवढेच. आता ती बरोब्बर महिने रंगवते. तुझा मुलगा तिसरीतला आहे, भाषा पटकन येईल, पण पहिल्या वर्षी असले शेरे घरी येणार हे धरून चाल.

करमतं का? नाही करमत, मग करमतं. इथे आपली माणसं आहेत, चतुर्थीला पाच-सहा घरं एकत्र जमतो. पुढे.

अंदाज, हो, बघतो. रोज. पणजीला आल्तिनोवरच्या हवामान केंद्राचा दुपारचा अंदाज आला की मी कामावर कॉफीच्या सुट्टीत उघडतो. पुढच्या दिवसांचे रंग, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हलाच. सकाळी साडेआठला तिकडे मोजलेल्या पावसाचा आकडा येतो, तेव्हा इथे पहाटेचे चार, जाग आलीच तर तोही बघतो. बायको वैतागते. या आठवड्यात यलो आहे, शुक्रवार-शनिवार ऑरेंज, तुरळक ठिकाणी अति मुसळधार, वारा ताशी 40 ते 50. अति मुसळधार म्हणजे 24 तासांत 115.6 मिलिमीटरपासून पुढे, हे आता मला पाठ आहे. आणि तुरळक ठिकाणी म्हणजे फार तर पाव भागात. त्या पाव भागात आमचं घर येतं की नाही हे कोण सांगणार? उत्तर गोव्याला ऑरेंज लावला की किनाऱ्यावर नुसती भुरभुर आणि तोच ढग घाटाला अडून सत्तरीत ओततो, हे तुला काय सांगायचं. 23 जुलै 2021 ला मी इथे होतो. 1982 नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणाले होते मुख्यमंत्री, सत्तरी-डिचोलीत मातीची घरं पडली, आणि आमचा फोन दुपारपर्यंत लागत नव्हता. बाबा आरामात होते. लाइट गेली म्हणून झोपले होते म्हणे.

आता हे कोणाला बोललो नाहीय. ऑरेंज लागला की मला बरं वाटतं. एरवी फोनवर आमचं काय, जेवलात, जेवलो, तू जेवलास, संपलं. ऑरेंज असला की कुठलं कौल सरकलंय, पडवीत पाणी येतं का, न्हाणीघरावरच्या फणसाची फांदी तोडली का, पाऊण तास बोलतो आम्ही. त्यांचंही तसंच असावं, कारण एकदा स्वतःच फोन करून म्हणाले, "रेड आलाय, बघितलास?" आणि मागे ऊन असल्यासारखे पक्षी ओरडत होते.

तुझे आई-वडील साखळीतच राहणार म्हणतोस ना, तर कपड्यांच्या यादीआधी हे कर. मे महिन्यात कौलं परतायला कोण चढणार ते आत्ताच नक्की कर, पैसे देऊन कर, नात्यातल्यांवर सोडू नकोस. शेजारच्या दोन घरांचे नंबर घे. आणि पत्रे घालून टाका म्हणून बापाशी भांडायचं असेल तर समोर बसून भांड, फोनवर जमत नाही.

छत्री आणू नकोस, इथल्या वाऱ्यात काड्या उलट्या होतात. गोडा मसाला आण, कोकमं भरपूर आण. आणि शुक्रवारी तू साखळीतच असशील तर अंजुणे धरणाचं पाणी सोडलं का आणि बाजारातले पुराचं पाणी उपसायचे पंप चालू केले का ते कळव, ते कुठल्या अंदाजात येत नाही.