ग्लास फिल्ड नायलॉनचा बुश साध्या नायलॉनपेक्षा लवकर का झिजला

दादा, तुम्ही लिहिलंय की लातूरच्या डाळ मिलमधल्या स्क्रू कन्व्हेयरला आधी साधा कास्ट नायलॉनचा हँगर बुश (मधल्या आधारात शाफ्ट ज्याच्या आत फिरतो ती बाही) होता, तो काढून ३०% ग्लास फिल्ड, म्हणजे काचेचे बारीक धागे मिसळलेला, टाकला तर तो आधीपेक्षा लवकर गेला आणि वरून शाफ्टलाही चरे पडले. आता सप्लायर म्हणतोय ४०% ग्लासवाला घ्या. अजिबात घेऊ नका.

फिलर, म्हणजे प्लास्टिकमध्ये काचेसारखी भर, टाकला की माल कडक होतो हे खरंय, पण कडक झाला म्हणजे कमी झिजतो हे धातूच्या बाबतीत बरंचसं जमतं, प्लास्टिकला जसंच्या तसं लागू होत नाही. धारदार खड्यानं प्लास्टिक खरवडलं जातं तेव्हा रॅटनर आणि लँकॅस्टर या संशोधकांचं एक जुनं सूत्र लई कामाला येतंय: तुटतानाची स्ट्रेंथ आणि तुटेपर्यंतचं इलाँगेशन (ताणल्यावर लांबी किती टक्के वाढते) यांचा गुणाकार जितका मोठा, तितकी झीज कमी. आता हिशोब करून बघा. कोरड्या साध्या नायलॉन ६ ची स्ट्रेंथ साधारण ८० मेगापास्कल, इलाँगेशन ५०% धरू, गुणाकार ४०००. ३०% ग्लास घातल्यावर स्ट्रेंथ १७५ च्या आसपास जाते, डेटाशीटवर बघून माणूस खुश होतो, पण इलाँगेशन साडेतीन टक्क्यांवर येतं आणि गुणाकार जेमतेम ६००. खडा आला की साधा नायलॉन दबतो, बाजूला सरकतो, ग्लासवाला तसा सरकूच शकत नाही, त्याचा तुकडाच उडतो.

जुना बुश फेकला नसेल तर भिंगाखाली धरा. साध्या नायलॉनवर लांब ओरखडे दिसतील आणि त्यांच्या कडेला माल वर ढकललेला असेल. ग्लासवाल्यावर पांढुरकी टोकं उघडी पडलेली दिसतील, काही मोडलेली, आणि जिथून फायबर निघून गेलं तिथं बारीक खड्डे. ही निघालेली काच बुश आणि शाफ्टच्या मध्ये फिरत राहते, माइल्ड स्टीलपेक्षा ती कडक, तुमचे चरे तिथूनच. क्वार्ट्झची वाळू मोह्ज स्केलवर ७, काच ६ च्या आसपास, म्हणजे तुरीबरोबर आलेल्या मातीतल्या वाळूपुढं काच टिकतही नाही आणि शाफ्टही खाते. शिवाय ती शेवटी जाते कुठं, डाळीतच ना? खायच्या मालाच्या लाईनवर ग्लास फिल्ड बुश बसवणं मला तरी मुळीच मान्य नाही, झीज कमी झाली असती तरी हेच म्हटलं असतं.

मग फिलर वाईटच का, तर तसं नाही. गुळगुळीत धातूवर, मध्ये धूळमाती नसताना, शुद्ध पीटीएफई (टेफ्लॉन) फार झिजतं आणि त्यात ग्लास, कार्बन किंवा ब्राँझ घातलं की झीज कितीतरी पटीनं कमी होते. पण ती स्लायडिंगची झीज, तुमच्याकडं मध्ये खडा आहे. इपॉक्सीच्या कोटिंगमध्ये अ‍ॅल्युमिनाचे जाड दाणे घालतात तेही चालतं, कारण दाणा वाळूपेक्षा कडक आणि आकारानं मोठा असतो, त्यामुळं वाळू त्याच्यावरच घासत बसते. फिलर जर खड्याच्या ओरखड्यापेक्षा बारीक असला तर तो निघणाऱ्या चिपबरोबरच उचलला जातो, आणि सायलेनची (फिलर आणि प्लास्टिक जोडणाऱ्या रसायनाची) पकड नीट नसली तर त्याच्याही आधी.

सप्लायरनं टेस्ट रिपोर्ट दाखवला तर आधी टेस्ट कुठली ते विचारा. पिन ऑन डिस्कचा (फिरत्या चकतीवर पिन घासायच्या टेस्टचा) रिपोर्ट तुमच्या कामाचा नाही, कोरड्या वाळूची रबर व्हील टेस्ट (मध्ये वाळू सोडत रबरी चाक घासायची) असली तर बोला. आणि ग्रॅममधली घट नका बघू, ग्लासवाल्याची घनता १.३६ आणि साध्याची १.१४, त्यामुळं तुलना आकारमानाच्या घटीचीच करायची. नायलॉन हवेतलं पाणी पण पितो, पावसाळ्यात तर वजनावर काहीच ठरवू नका, व्हर्नियरनं जाडी मोजा.

माझ्या मते परत साधा कास्ट नायलॉन लावा किंवा फूड ग्रेड यूएचएमडब्ल्यू (फार लांब साखळ्यांचं) पॉलिथिलीन, पण पॉलिथिलीनचा बुश गरम झाल्यावर जास्त फुगतो आणि ८० अंशाच्या वर नको. चरे पडलेल्या शाफ्टवर मात्र नवीन बुश बसवूच नका, आधी कडक केलेली स्लीव्ह चढवा, नाहीतर कुठलाही बुश आठवड्यात खलास होईल. दोन्ही बाजूंनी फेल्टचं सील द्या. शाफ्टचा व्यास आणि आरपीएम इथं टाका, क्लिअरन्स किती ठेवायचा ते काढून देतो.