फॅंटसी कादंबरीतल्या राजाने बारा ड्रॅगन पाळलेत, तर त्यांची सोय कशी दाखवावी?

तुमचं राज्य ठाण्याच्या खाडीवर बेतलंय, राजाकडे हत्तीएवढे बारा ड्रॅगन आहेत आणि ते खातात काय, राहतात कुठे हे सुचत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्याचीच, त्यामुळे भूगोलाची अडचण नाही. पंख आणि आग नंतर बघू. आधी एकच ठरवा: रक्त गरम की थंड? बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

हिशोब मांडून बघा. प्राणिसंग्रहालयातल्या २०० किलोच्या वाघाला दिवसाला सहाएक किलो मांस लागतं. ड्रॅगन त्याच्या सोळापट, म्हणजे ३,२०० किलोंचा धरला तरी खाणं सोळापट होत नाही. शरीर वाढतं तशी दर किलोमागची भूक कमी होते, त्यामुळे साधारण आठपटीत भागतं. तरी रोजचे ४८ किलो! बारा जणांना २५ किलोंची एक अशा रोज तेवीस बकऱ्या, वर्षाला आठ हजारांच्या वर. मुरबाडपर्यंतचे धनगर देशोधडीला लागतील आणि राजाविरुद्ध पहिलं बंड तेच करतील. (तुम्हाला हेच कथानक हवं असेल तर गरम रक्त घ्या, छान आहे.)

थंड रक्ताच्या प्राण्याला तेवढ्याच वजनाला जेमतेम दहावा हिस्सा पुरतो. कोमोडो ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खातो आणि मग कित्येक दिवस ढिम्म पडून राहतो. पचलं की शिंगं, केस, दात यांचा चिकट गोळा ओकून टाकतो. त्याचा वास इतका घाण असतो की तो स्वतःच तोंड मातीत घासून पुसतो. तुमच्या कादंबरीत हा गोळा उचलणारा माणूस मला हवाय. राजपुत्राच्या स्वारीची वर्णनं सगळेच लिहितात.

राहायला गुहा देऊ नका, गारठतील. पारसिकच्या डोंगरात दगडखाण दाखवा: तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये दुपारपर्यंत तव्यासारखा तापणारा काळा कातळ. येऊरला सकाळी घोरपड अशीच दगडाला पोट चिकटवून, पाय फाकवून पडलेली दिसते. ऊन अंगात मुरेपर्यंत हलायचा कंटाळा, आणि एकदा तापली की सुसाट. म्हणजे तुमच्या ड्रॅगनवर हल्ला करायचा तर पहाटे. शत्रूला हे कळलेलं असणारच.

आता पावसाळा. ऊन नाही, कातळ गार, आणि वर चढवणारे उष्ण हवेचे झोतही नाहीत. पारसिकवरच्या घारी बघा, ऊन चढल्यावरच घिरट्या घेत वर जातात. तेव्हा तुमची ड्रॅगनसेना चार महिने जमिनीवर. मराठ्यांच्या फौजाही दसऱ्याला सीमोल्लंघन करूनच मोहिमेवर निघत, तसंच इथेही ठेवा. आषाढात किल्ल्यावर फक्त पायदळ असतं, या एका गोष्टीवरच अख्खं प्रकरण उभं राहील.

उडण्याबद्दल मात्र वाईट बातमी आहे. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. आजवरच्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक, क्वेट्झलकोएटलस, त्याचा पंखविस्तार १० ते ११ मीटर, पण वजनाचा अंदाज २०० ते २५० किलो. हत्तीएवढा उडवायचा तर जादू लागेल. मी तुमच्या जागी असते तर ड्रॅगनच लहान केला असता. मग पाठीवर भरदार मिशांचा सेनापती चालणार नाही, हडकुळी पोरंच लागतील, आणि ती कुठून आणतात हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आगीला उदाहरण बॉम्बार्डियर भुंगेऱ्याचं घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन तो पोटात साठवतो आणि ऐनवेळी विकरांमध्ये मिसळून जवळजवळ १०० अंशांचा फवारा मारतो. मारतो मागून, तेवढं बदलून घ्या.

पिल्लांचं सांगायचं राहिलं. कोमोडोची मादी नराशिवायही पिल्लं निघतील अशी अंडी घालू शकते, हे इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांवरून २००६ साली सिद्ध झालं. त्यातून निघतात ते सगळे नर. तुमच्या राजाने शेजाऱ्याला तहात 'बिनधोक' म्हणून एकटी मादी दिली, तर काही वर्षांनी शेजाऱ्याकडे जोडी तयार.