ठाऊक असलेलेच पुन्हा कशाला सांगतात?

प्रश्न : माझे वय अठ्ठेचाळीस असून गेली सव्वीस वर्षे मी सिगारेट ओढतो. चार वेळा सोडली आणि चारही वेळा पुन्हा धरली. धूम्रपानविरोधी जाहिरात लागली की मी वाहिनी बदलतो, कारण तीत सांगितलेले सारे मला ठाऊकच आहे. मग या मोहिमांवर एवढा खर्च कशासाठी? आणि माझ्यासारख्या हरलेल्या माणसाला, तेही या वयात, त्यांचा काय उपयोग?
– एक वाचक

उत्तर : सिगारेट घातक आहे हे आपल्याला ठाऊक आहे, याची मोहिमा आखणाऱ्यांनाही कल्पना असते. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते लोकांना समजावून सांगणे हेच मोठे काम होते. आजच्या मोहिमेला ज्ञान द्यायचे नसते. ‘सोडायची आहे, पण पुढे कधीतरी’ असे म्हणत वर्षानुवर्षे लांबलेला निर्णय तिला या आठवड्यापर्यंत ओढून आणायचा असतो.

आपण वाहिनी बदलता, यात आपल्याइतकाच जाहिरातीचाही दोष असू शकतो. नुसती भीती घालून सुटकेची वाट न दाखवणाऱ्या जाहिरातीपासून माणूस तोंड फिरवणारच. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेत पूर्वी सिगारेट ओढणारी माणसे स्वतःची कहाणी सांगत होती. त्यांतल्या टेरी हॉल यांचा कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलेला गळा, कवळी बसवणे, केसांचा टोप घालणे, गळ्यावरील छिद्र रुमालाने झाकणे, असा सकाळचा नित्यक्रम प्रेक्षकांनी पाहिला. ते दृश्य पाहणे सोपे नव्हतेच, पण त्या मोहिमेच्या जाहिरातींसोबत मोफत मदतवाहिनीचा क्रमांक दिला जात होता आणि मोहिमेच्या बारा आठवड्यांत त्या क्रमांकावरील दूरध्वनी दुपटीहून अधिक झाले. त्या पहिल्या वर्षी सुमारे सोळा लाख जादा लोकांनी सोडण्याचा प्रयत्न केला आणि त्यांपैकी निदान एक लाख जण कायमचे सुटले असतील, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधली दरी मोठी आहे, हे मान्य करायला हवे. आपण त्या दरीतच उभे आहात.

नेमका आपल्यासारख्यांचाच विचार करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ‘प्रत्येक प्रयत्न मोलाचा’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम काढली. तिचा रोख गेल्या वर्षभरात सिगारेट सोडू पाहून अपयशी ठरलेल्या २५ ते ५४ वयाच्या लोकांकडे होता, आणि तिचे फलक पेट्रोलपंप व छोटी दुकाने अशा सिगारेट विकल्या जाणाऱ्या जागीच लावले गेले. मला ही योजना विशेष मार्मिक वाटते, कारण निश्चय बहुधा घरात होतो आणि मोडतो तो दुकानासमोर.

चार वेळा सोडून पुन्हा धरणे हा आपल्या स्वभावातील दुबळेपणा नव्हे. धुरातून निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. ते तुटले की चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ऑक्टोबर महिन्यात चालणाऱ्या मोहिमेने अठ्ठावीस दिवसांचेच आव्हान ठेवले, ते यासाठीच. ‘जन्मभर’ हा शब्द ऐकून दचकणारा माणूस चार आठवडे मान्य करतो. केवळ मनोनिग्रहापेक्षा समुपदेशन आणि निकोटीनची पट्टी, च्युइंगगम किंवा अन्य औषध यांची जोड अधिक यश देते. त्यातले आपल्याला काय चालेल, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वयाविषयी म्हणाल, तर ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे नोंद ठेवणाऱ्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की पन्नाशीच्या सुमारास सोडणाऱ्यांना सरासरी सहा वर्षांचे, तर साठीला सोडणाऱ्यांनाही तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभते.

यापुढे जाहिरात लागली, तर चित्राकडे हवे तर पाहू नका, पण मदतवाहिनीचा क्रमांक तेवढा टिपून घ्या. दूरध्वनी करण्यापूर्वी आधीच्या चारही वेळा कितव्या दिवशी, कोणाबरोबर आणि कोणत्या प्रसंगी पहिली सिगारेट पुन्हा पेटवली, हे आठवून कागदावर लिहा. समुपदेशकाला पाचव्या खेपेची आखणी त्या कागदावरूनच करता येईल.